ग्लिसरीनशिवाय

१

भामाबाईंना रडायला ग्लिसरीन लागत नाही. माझ्यावर छापून आलेल्या प्रत्येक लेखात हे वाक्य असतंच, मग तो पेपर तेलुगु असो की उर्दू. मीही ते मोठ्या दिमाखात ऐकून घेत आले. सेटवर नव्या पोरी डोळ्यांत थेंब टाकून नाक पुसत बसायच्या आणि मी आपली कोपऱ्यात चहा पीत बसायची. कॅमेरा फिरायला लागला की माझ्या डोळ्यांचं पाणी सुरू.

आमचं घराणं मूळचं नांदेडकडचं, निजामाच्या काळापासून शेतीवाडीचं. आजोबा नोकरीसाठी हैदराबादला आले आणि चिक्कडपल्लीत राहिले ते राहिलेच. घरात मराठी, गल्लीत तेलुगु, बाजारात दखनी, अशी मी वाढले; सिनेमात शिरायला तेवढी शिदोरी पुरली. नायिका झाले, पुरस्कार घेतले. मग वयानं आईच्या भूमिकांत ढकललं. पुढं सिनेमातल्या आयासुद्धा तरुण हव्यात असं ठरलं, तेव्हा टीव्हीवर आले. टीव्हीनं मला सिनेमापेक्षा मोठं केलं, खोटं कशाला बोलू?

माझी रडण्याची युक्ती साधी होती. समोर दाखवतायत ते खरंच झालंय, असं मनाला पटवायचं. त्यासाठी घरातली मरणं कामाला लावायची. माझी आई गेली, ती मी कितीतरी सिनेमांना पुरवली. नवरा हिम्मतराव गेले, त्यांच्यावर तर मला दिल्लीचा पुरस्कार मिळाला. हे ऐकून तुम्हाला कसंतरी वाटेल. मलाही वाटायचं, पण पुरस्कार हातात आला की जायचं. आणि मेलेलं माणूस तरी किती वर्षं पुरणार? गेल्या वर्षी माझ्या लक्षात आलं, की विहीर आटली.

२

मालिकेत माझी एक मुलगी होती, अमेरिकेत शिकणारी. पडद्यावर ती कधी दिसली नव्हती, नुसती फोनवर बोलायची. लेखकांनी तिला तिकडंच अपघातात मारलं. हॉलच्या भिंतीवर तिचा फोटो, फोटोला चंदनाचा हार, खाली समई आणि समोर मी, असा प्रसंग होता. आमचा दिग्दर्शक यादगिरी वयानं माझ्या मुलासारखा, पण कामाला खमका. त्यानं कुठल्याशा मॉडेलचा फोटो फ्रेम करून आणला होता.

तालीम झाली. डोळे कोरडे. पुन्हा केली, तरी कोरडे. सगळं युनिट माझ्या तोंडाकडं बघायलेलं आणि माझ्या डोळ्यांत थेंब येईना. मेकअपवाल्यानं हळूच ती बाटली बाहेर काढली. भर बाजारात कुणी पदर ओढावा तशी लाज वाटली मला.

"ठेव ती आत!" मी खेकसले. "आणि ही भिंतीवरची भवानी कोण? हिच्यासाठी रडू होय मी? फोटो बदला."

"अब किधर से लाऊं, अम्मा?" यादगिरी म्हणाला.

मी पर्समधून फोन काढला. त्यावर केतकीचा फोटो होता. केतकी माझी एकुलती एक लेक. कॉम्प्युटरच्या कंपनीत कामाला, माझ्याजवळच राहणारी. गच्चीत उभी राहून मोकळ्या केसांनी हसायलेली, कान रिकामे, तोंडावर ऊन.

"हा छापून आण," मी म्हणाले.

यादगिरी घुटमळला. "जिंदा बच्ची है अम्मा. नक्को."

मी डोळे वटारले, तसा तो नरमला. पण एक गोष्ट त्यानं पुन्हा पुन्हा बजावली. आमच्या सेटवरची ती रीत आहे. जिवंत माणसाच्या फोटोला हार घातला, की त्याच दिवशी त्या माणसानं सेटवर यायचं, आपल्या हातानं हार उतरवायचा आणि कॅमेऱ्यात बघून हसायचं. त्या हसण्याचा शॉट मालिकेत जात नाही, पण घेतात मात्र न चुकता.

"बोलवते तिला," मी म्हणाले.

बोलवणार नव्हतेच. बोलवायचं तर सांगावं लागलं असतं, सांगितलं असतं तर केतकी नको म्हणाली असती, आणि मला नको ऐकायचं नव्हतं. संध्याकाळी यादगिरीला सांगितलं, ती ऑफिसात अडकलीय, उद्या येईल. उद्या पुन्हा त्याच भिंतीसमोर सीन होता, त्यामुळं हार तसाच ठेवावा लागला. मग परवा. मग त्यानं विचारायचं सोडलं.

त्या दिवशी फोटो भिंतीवर चढला, हार पडला, आणि मी केतकीच्या तोंडाकडं बघून मनाला म्हणाले, गेली. पुढचं मला आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा लाइटवाले डोळे पुसायले होते. तो सीन घराघरांत फिरला, लोकांच्या फोनमध्ये फिरला. त्या वर्षीचा उत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मी त्याच सीनवर घेतला, आणि समोरच्या रांगेत बसून टाळ्या वाजवायला केतकी होती. स्टेजवर नुसतं नाव पुकारलं, सीन दाखवला नाही, आणि मालिका बघायची तिला सवय नाही. घरात टीव्ही लागला की ती कानाला हेडफोन लावून आपल्या खोलीत जाते.

३

पहिल्यांदा ती हसतच घरी आली.

"आई, आज ऑफिसचं गेट मला ओळखेना. चेहरा दाखवला तर म्हणतंय, पुढं या. काचेला नाक टेकलं तरी पुढंच या!"

मशीनच ते. मग तिचा फोन तिच्या चेहऱ्यानं उघडेना. ती म्हणाली, फोन जुना झाला. मग मॉलचं आपोआप सरकणारं दार तिच्यापुढं सरकेना, आणि ऑटो थांबेनात.

"हैदराबादेत ऑटो कुणासाठी थांबतेत गं?" मी म्हणाले. दोघी हसलो. 

एका रविवारी आम्ही दोघी भाजीला निघालो. लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या शोभाताई शिरल्या. "भामाबाई, एकट्याच निघालात?" त्यांनी विचारलं. केतकी माझ्या शेजारी पिशवी धरून उभी होती. तिनं "काकू, मी पण आहे की" म्हटलं. शोभाताईंनी पदर सारखा केला आणि लिफ्टचे आकडे बघत राहिल्या. त्यांना ऐकू कमी येतं, असं मी केतकीला सांगितलं. हे मी कुठून काढलं देव जाणे.

मग विमलाबाई. आमच्याकडं स्वयंपाकाला येतात, परभणीकडच्या, घरी बुद्धवंदना करणाऱ्या. बुवाबाजी, भूतखेत, उतारा, असल्या सगळ्या गोष्टींना त्यांच्या तोंडी एकच शब्द, "थोतांड!" एकदा मी उंबऱ्यावर लिंबू बघून अडले, तर त्यांनी ते उचलून पोह्यांत पिळलं होतं. अशी खंबीर बाई. त्यांनी एक दिवस माझ्या एकटीपुरत्याच पोळ्या केल्या.

"विमलाबाई, केतकीच्या पोळ्या?"

"अगं बाई!" त्यांनी जीभ चावली. "ध्यानातूनच गेली बघा लेक." आणि परत कणीक मळायला घेतली.

दुसऱ्या दिवशी तेच. मी मनाशी म्हटलं, ही रोज संध्याकाळी मालिका बघते, तिच्या डोक्यात घोटाळा झाला असेल. म्हातारपण आहे. पुढं एकदा मी पुन्हा विचारलं, तेव्हा मात्र त्यांनी जीभ चावली नाही. हात पुसून माझ्याजवळ आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्यांचे डोळे भरले.

"बाई, लई मनाला लावून घेऊ नका," त्या म्हणाल्या. "आपल्या हातात काय असतंय?"

त्यांच्या पाठीमागं फ्रिजशी उभी राहून केतकी पाणी पीत होती. ती पाणी प्यायची थांबली.

४

केतकीला कळलं ते मेट्रोत. शेजारी उभी असलेली एक बाई फोनवर मालिका बघत होती. केतकीनं सहज मान वळवली, तर हारातून तिचंच तोंड हसत होतं. घरी येऊन ती चप्पलसुद्धा न काढता माझ्यासमोर उभी राहिली.

"आई, माझ्या फोटोला हार घातलास?"

मी काहीतरी बोलू लागले. की सीन मोठा होता, की वेळ नव्हता, की आजकाल असलं कोण मानतं.

"विचारायचं तरी होतंस."

"तू हो म्हणाली नसतीस."

"म्हणून विचारलं नाहीस."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मला भांडता येतं. भांडणात मी कुणाला हार जात नाही. पण ती खुर्चीवर बसली आणि आपले हात उलटसुलट करून बघू लागली.

"त्या बाईनं फोटोला हात जोडले गं," ती म्हणाली. "मी तिच्या खांद्याला खांदा लावून उभी होते. मी म्हणाले, बाई, ती मीच. तिनं माझ्यातून खिडकीबाहेर बघितलं." मग जरा वेळानं, "रोज किती लोक बघतेत तुमची मालिका?"

मी आकडा सांगितला नाही. मला तो तोंडपाठ होता. एवढ्या घरांत रोज संध्याकाळी माझी लेक मेलेली होती, आणि ती मेलीय हे त्या घरांना मी पटवून दिलं होतं, इतकं चांगलं, की त्यात खोट काढायला जागा नव्हती. तिच्या पायाशी बसून मी रडले. खरंखुरं रडले. तरी मनाच्या एका कोपऱ्यात नोंद झालीच, की अशा वेळी हनुवटी आधी थरथरते, ओठ नंतर. असली मी आई.

"उद्या चल सेटवर," मी म्हणाले. "हार उतरव आपल्या हातानं. रीत राहिलीय तेवढी."

"तू तर मानत नाहीस ना?"

"नाही मानत. तरी चल."

५

सकाळीच गेलो. मालिकेचं घर म्हणजे शहराबाहेरचा एक बंगला आहे, आत सगळं पुठ्ठ्याचं आणि प्लायवूडचं. हॉलमध्ये लाइट लावणं चाललं होतं. केतकीनं निळा कुर्ता घातला होता आणि कानांत नवीन झुमके, आदल्याच आठवड्यात सिकंदराबादच्या बाजारात मी तिला घेऊन दिलेले. मी हात धरून तिला यादगिरीपुढं नेलं.

"आणलं बघ शेवटी लेकीला," मी म्हणाले. "कॅमेरा लाव. हार उतरवते आणि हसते."

यादगिरीनं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या धरलेल्या हाताकडं बघितलं.

"हौ अम्मा," तो सावकाश म्हणाला.

केतकी पुढं झाली. टाचा उंचावून तिनं दोन्ही हातांनी हार वर उचलला, फोटोवरून सोडवला आणि वळून माझ्याकडं बघून हसली. तिचं ते हसू मला लख्ख दिसलं. लहानपणी शर्यत जिंकून आली होती, तश्शी हसली.

मागं कुणीतरी किंचाळलं. एक लाइटवाला शिडीवरून उतरून चार पावलं मागं सरला.

"खिळा ढीला हुआ," यादगिरी घाईघाईनं म्हणाला. "हार गिरा. उठाओ रे, उठाओ."

"पडला कुठं? तिच्या हातात आहे!" मी ओरडले. कॅमेऱ्याशेजारच्या मॉनिटरकडं धावले. पडद्यावर भिंत होती, फोटो होता, आणि जमिनीपासून हातभर उंचीवर, हवेतच, तो हार. मी डोळे मिटून उघडले तेव्हा तो फरशीवर पडलेला होता. लोंबता हार मला खरंच दिसला की नुसता वाटला, ते आज विचाराल तर सांगता येणार नाही. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

कुणीतरी हार झटकला आणि परत फोटोला घातला. केतकी बाजूला सरकली, नाहीतर तो माणूस तिच्या अंगावरच आला असता.

मी यादगिरीला कोपऱ्यात ओढलं. हात जोडले, मी, ज्या बाईनं निर्मात्यांपुढंसुद्धा कधी मान वाकवली नाही तिनं. म्हटलं, फोटो काढून टाक. तो बिचारा घाबरला होता. मला वाटतं, माझ्यासाठीच घाबरला होता.

"अगले हफ्ते बरसी का सीन है, अम्मा," तो म्हणाला. "वो एक सीन देदेव. फिर फोटो उतार के तुम्हारे हाथ में दूँगा, माँ की कसम."

परत येताना गाडीत केतकी माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. ड्रायव्हरनं एसी बंद करून विचारलं, मॅडम, एकट्याच आहात, काच खाली करू का?

"आई, तुला दिसते ना मी?" ती म्हणाली.

"काहीतरीच काय विचारायलीस!"

"मग तेवढं कर. त्या सीनला ग्लिसरीन लाव. बाकीच्यांचं जाऊ दे. तू मात्र मनाला पटवू नकोस, मी गेले म्हणून."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. केस तेल लावलेले होते, हाताला ओशट लागले.

६

वर्षश्राद्धाच्या सीनच्या दिवशी मी मेकअपवाल्याला बोलावून बाटली मागितली. त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. थेंब घातला तर डोळ्यांत मिरची गेल्यासारखं झालं. इतकी वर्षं पोरी हे कसं सोसतात, असं वाटून पहिल्यांदा त्यांची दया आली.

सीन झाला. हार होता, फोटो होता, समई होती. मी समईकडं बघून संवाद म्हटले, फोटोकडं बघितलंच नाही. गालांवरून पाणी ओघळलं.

"ओके, अम्मा," यादगिरी म्हणाला. "हो गया."

झालं होतं. मला तिथून उठून घरी जायचं होतं, फोटो पिशवीत घालून. तेवढंच काम होतं. पण मी मॉनिटरपाशी गेले आणि तो शॉट लावायला सांगितला. पडद्यावर एक म्हातारी डोळे चोळत पाठ केलेलं म्हणत होती. कॅमेरामन पायांकडं बघायला लागला. सुनेचं काम करणारी पोरगी मेकअपवाल्याच्या कानाशी लागून म्हणाली, "बूढ़ी का खेल खतम."

हळूच म्हणाली, पण माझे कान अजून तिखट आहेत.

"एक और," मी म्हणाले.

"जरूरत नहीं अम्मा..."

"एक और!"

तोंड धुऊन आले. डोळे स्वच्छ पुसले. स्वतःला बजावलं, की फोटोकडं बघायचं नाही, नुसता आवाज जरा जास्त लावायचा. उभी राहिले. कॅमेरा फिरला, आणि मी फोटोकडं बघितलं.

फोटोत तिच्या कानांत झुमके होते.

तोच फोटो, गच्चीतला, मोकळ्या केसांचा. तेव्हा रिकामे असलेले कान आता रिकामे नव्हते. एक झुमका केसांत अडकला होता, नेहमी अडकतो तसा. मला तिथून पळता आलं असतं. मला ओरडता आलं असतं. पण हे दिसल्याबरोबर माझ्या छातीत जे तुटलं, त्याच्या पाठोपाठ एक विचार आला, की हे आत्ता चेहऱ्यावर येऊ दे, असं पुन्हा मिळणार नाही. आणि मी येऊ दिलं. मी मनाला म्हणाले, गेली माझी केतकी. आणि मनानं, सवय लागलेल्या मुक्या जनावरासारखं, ऐकलं.

टाळ्या थांबेनात. यादगिरी माझ्या पाया पडला. त्याहून चांगलं काम मी आयुष्यात केलेलं नाही. हे सांगताना अजूनही मला आतून सुख होतं, आणि त्या सुखाची मला किळस येते.

७

भर दुपारी घरी आले. फ्रेम पेपरात गुंडाळून काखेत होती. ती उघडून बघायचा धीर झाला नाही. माझ्याजवळच्या किल्लीनं दार उघडलं.

"केतकी?"

हॉलमध्ये कुणी नव्हतं. टेबलावर चहाचा कप होता, त्यातून वाफ निघत होती. सोफ्याची उशी एका बाजूला दबलेली. पंखा चालू.

"आलीस?" तिचा आवाज आला, अगदी हॉलमधूनच. "कसं झालं गं?"

मी हॉलभर बघितलं. पडदे, टीव्ही, सोफा. मी चेहरा हलू दिला नाही. आमच्या धंद्यात हे नेहमीचंच असतं. समोरचा कलाकार हजर नसला, की हवेत एक जागा धरायची आणि तिथं माणूस आहे असं समजून डोळ्यांत माया आणायची. मी सोफ्यावर, दबलेल्या उशीच्या वर, बसलेल्या मुलीचे डोळे असतील तेवढ्या उंचीची जागा धरली.

"झालं बाई एकदाचं," मी त्या जागेकडं बघून म्हणाले. "ग्लिसरीन लावलं. डोळे कसे चुरचुरायलेत बघ. फोटो पण आणला."

मी फ्रेम टेबलावर, कपाशेजारी ठेवली. 

"आई, मी इकडं दाराशी आहे," ती म्हणाली.

मी वळले. घाई केली नाही. घाई केली असती तर कळलं असतं.

"दिसते ना गं मी?"

"न दिसायला काय झालं?" मी म्हणाले, आणि दाराच्या चौकटीकडं बघून अशी हसले, की कुणालाही खरं वाटलं असतं.

मग माझ्या गालाला तिचा हात लागला. दाराकडून नव्हे, दुसऱ्या बाजूनं.